जावयाच्या गाडीतली तार

"वहिनी, झेपतंय ना?" भावोजींनी मागे न बघताच विचारलं.

"झेपतंय. तुम्ही फोन लावा."

"लावतोच आहे. वाजतोय, पण उचलत नाहीत. गाडीत गाणी लावून बसले असतील, ऐकू कुठून जाणार!"

भावोजींच्या लेकीच्या घराचा अर्धाअधिक रस्ता आम्ही कापला होता. पाइप टाकायला सगळीकडे उकरून ठेवलेलं, रिक्षा आत यायला तयार नाही, आणि भावोजींची स्कूटर दुकानात खोलून पडलेली. लोकांच्या गाड्या धडधाकट, स्वतःची कायम आजारी. मातीच्या ढिगांवरून, फळ्यांवरून ते पुढे आणि पदर खोचून मी मागे. ऊन डोक्यावर. देवाचं नाव मनात चालूच होतं, पण धाप इतकी लागलेली की एका पावलाला अर्धंच नाव यायचं.

हे माझे धाकटे दीर. गाड्यांमध्ये गाण्याची सिस्टीम बसवणं, बिघडली तर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. बाजारात सगळे त्यांना 'मीटर' म्हणतात. एक तर करंट मोजायचं मीटर शर्टाच्या खिशातून कधी हलत नाही, आणि दुसरं म्हणजे बोलणंही मोजून. गिऱ्हाईक रामायण सांगायला लागलं की हात वर करतात. "काय दुखतंय ते मशीन सांगेल. याला आधी कोणाकोणाचा हात लागलाय, तेवढंच तुम्ही सांगा." मग भलाभला गडी चाचरत कबूल करतो, की मेहुण्याने जरा बघितलं होतं.

माझी जाऊ गेल्यापासून त्यांना एक लेक तेवढी. तिचं लग्न झालं आणि या कडक माणसाचा एका घरापुरता लोण्याचा गोळा झाला. लेकीच्या सासरी आपला शब्द जड होता कामा नये, हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं. जावई वयाने लहान, तरी "जावईबापू, तुम्ही". मी चिडवायची, "भावोजी, दुकानात वाघ आणि जावयासमोर मांजर!" ते म्हणायचे, "मांजरच बरं वहिनी. वाघाची लेक कोण नांदवतो?"

तर या जावईबापूंनी नव्या गाडीत सीटखाली भलामोठा अॅम्प्लिफायर बसवला होता. आवाज मोठा केला की तो तव्यासारखा तापायचा आणि फ्यूज उडायचा. नवा घातला की पुन्हा तेच. शेवटी गाडी सासऱ्याकडे आली. तापाच्या माणसाच्या कपाळाला लावावा तसा भावोजींनी अॅम्प्लिफायरला उलटा हात लावला. वर गालिचा दाबून बसलेला, हवेला वाटच नाही. त्यात एकाच जोडणीवर जास्तीचे स्पीकर चढवलेले. एका बैलाला दोन गाड्या जुंपल्यासारखं. भावोजींनी स्पीकर वेगळे केले, गालिचा कापून वाट करून दिली. अॅम्प्लिफायर थंड झाला. फ्यूज मात्र अधूनमधून उडतच राहिला.

"तिथेच मी चुकलो," ढिगावरून उतरताना ते म्हणाले. "दुखणी दोन होती, मी एकच धरलं. बॅटरीकडून येणारी तार इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून आत जाते. तिथे रबर लागतं, नाही तर पत्र्याची धार तार कापत बसते. ते बघायचं तर समोरचं कव्हर उघडायला हवं होतं."

"मग उघडलं का नाही?"

"जावईबापूंची नवीकोरी गाडी. ओरखडा पडला असता तर?" थोडं चालून पुन्हा म्हणाले, "आणि तार त्यांनी स्वतः, मित्राला घेऊन टाकलेली. मला ठाऊक होतं. विचारलं नाही."

मी पुढच्या फळीवर पाय ठेवला.

आज मी डबा द्यायला दुकानात गेले होते तेव्हा लेकीचा फोन आला होता. "बाबा, आम्ही निघतोय हं थोड्या वेळात. आणि काळजी करू नका, आता फ्यूज उडतच नाही. ह्यांनी त्याच्या जागी तांब्याची तार घातलीय." हसून तिने फोन ठेवलासुद्धा. भावोजी हातातला डबा तिथेच ठेवून चालू लागले, मी मागोमाग.

"फ्यूज मरतो म्हणून गाडी जगते, वहिनी. आता मरायला तो नाहीच. तार पत्र्याला टेकली की सगळी तार निखारा होणार. आणि ती जाते कुठून, तर पोरीच्या..." पुढचं त्यांनी गिळलं. नात मागे बसते. अॅम्प्लिफायर पुढच्या सीटखाली, तिच्या पायांपाशी.

यानंतर आम्ही चाललो नाही, पळालो.

गाडी इमारतीखाली उभी होती. इंजिन चालू, टपावर बॅगा बांधलेल्या, आणि आतल्या धडधडाटाने काचा थरथरत होत्या. नात मागच्या सीटवर पट्ट्यात अडकवलेली, हातात बिस्किट. जावई आरसा नीट करत होता.

"बंद कर रे! आधी बंद कर!" भावोजी ओरडले. जावयाला पहिल्यांदाच अरेतुरे. "पोरीला बाहेर काढा, वहिनी!"

पट्ट्याचं बटण मला सापडेना. बोटं नुसती घसरत होती. लेक दुसऱ्या बाजूने वाकली, तिने सोडवलं, आणि मी नातीला बिस्किटासकट ओढून खांबामागे नेलं. तिने भोकाड पसरलं.

"बाबा, झालंय काय? सगळं मस्त चाललंय," जावई खाली उतरला.

भावोजींनी बॉनेट उघडलं. गरम प्लास्टिकचा वास माझ्यापर्यंत आला. पाना बॅटरीच्या नटावर बसेना, दोनदा निसटून खाली पडला. तिसऱ्यांदा बसला, वायर निघाली, आणि ते तसेच वाकून श्वास घेत राहिले. मग अॅम्प्लिफायरची तार बोटाने उचलून दाखवली. भोकापाशी वरचं प्लास्टिक चिरलेलं, मऊ पडलेलं, आतून तांबं दिसत होतं.

जावई वाकून बघू लागला. "हे माझ्या लक्षातच नाही आलं," तो हळूच म्हणाला. लेकीने नातीला माझ्याकडून घेऊन घट्ट धरलं.

मला वाटलं, सुटलो. देवाचे आभार मानून मी पायरीवर टेकले.

पण माणसाचा स्वभाव. भावोजींनी अॅम्प्लिफायरची तार फ्यूज बसतो त्या डबीसकट बॅटरीपासून कापून काढली, गाडीची वायर पुन्हा जोडली, गाडी सुरू करून पाहिली. तोवर जावयाची भीती ओसरली होती. "बाबा, चिरलंय तिथे टेप मारा आणि नवा फ्यूज टाकून जोडून द्या ना. लांबचा रस्ता, गाण्याशिवाय पोरगी झोपत नाही."

"हो ना बाबा, तेवढं द्या करून," लेक म्हणाली. म्हणताना तिने नवऱ्याकडे बघितलं, बापाकडे नाही.

भावोजींनी पाना पुसला. पुन्हा पुसला. "बघतो हं, जावईबापू," ते म्हणाले. आवाज पुन्हा तोच, मांजराचा.

टेप किती टिकणार? वाटेत फ्यूज पुन्हा उडणार, आणि अंधारात कुठेतरी गाडी थांबवून जावई पुन्हा तार घालणार.

भावोजी पाणी मागायच्या निमित्ताने माझ्यापाशी आले. पाणी घेतलंच नाही. मूठ उघडली, त्यात फ्यूजची डबी होती.

"वहिनी, हिच्याशिवाय जोडता येणार नाही. ही पर्समध्ये टाका आणि लेकीकडून किल्ली घेऊन वर घरात जाऊन बसा. ते मागतील, मीही मागेन. मी मागितली तरी देऊ नका."