डुमसला नेलेली उशी

पंच्याण्णव साली एका सुट्टीच्या दिवशी आम्ही सुरतेहून डुमसच्या समुद्रावर निघालो. टॉवेल, चटई, चेंडू, पुरीभाजी असं अर्धं घर मी पिशवीत कोंबलं होतं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस लिंबायतला कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे विजेच्या मागावर, कामाला होता. त्याच्याकडे फक्त एक उशी होती.

"आज कारखाना बंद," तो म्हणाला. "खटखट नसली की खोलीत झोपच लागत नाही, भाऊ. समुद्र कसा, चालूच राहतो."

वाळूवर उशी दोनदा थोपटून तो लाटांच्या आवाजात गाढ झोपला. आमचा चेंडू अंगावर पडला, तरी हलला नाही.

दुपारी ओहोटी लागली. पाणी लांब गेलं, आवाज विरत गेला आणि तो दचकून उठून बसला.

"लाइट गेली का, भाऊ?"