गेरूमास्तरांचा हिंदुस्थान

गेरूमास्तरांच्या धोतराचे गुडघे नेहमी तांबडे असत. धुऊन आले तरी तांबडेच. सोलापुरातल्या आमच्या मराठी शाळेत ते भूगोल शिकवत आणि त्यासाठी दर सोमवारी शाळेच्या ओसरीतल्या शहाबादी फरशीवर गुडघे टेकून हिंदुस्थान काढत. डोंगर गेरूचे, नद्या चुन्याच्या. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर होते, पण ते आम्ही कधी उच्चारले नाही. त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लिहिलेले नाही. पण अशा मास्तरांच्या हाताखाली शिकलेले पुष्कळ जण असतील. त्यांनी माझे चुकलेले सांभाळून घ्यावे.

शाळेत कापडी नकाशा होता. हेडमास्तरांच्या खोलीत तो गुंडाळून ठेवलेला असे. गेरूमास्तर त्याला हात लावत नसत. म्हणायचे, "भिंतीवरचा देश बघायला मान वर करावी लागती. आपल्याच देशाकडं असं काय बघायचं? खाली बसा की त्याच्यात." त्यांचा नकाशा मात्र काही चांगला नसे. लंका एखाद्या सोमवारी वांग्याएवढी होई, तर काठेवाड पुरता विसरला जाई. आम्ही दाखवून दिले की तिथल्या तिथे बोटाने काठेवाड ओढत आणि हसत. उत्तरेला 'वर' आणि दक्षिणेला 'खाली' म्हटलेले मात्र त्यांना चालत नसे. तेवढ्यासाठी कान पिळत.

ते सांगोल्याकडच्या मेंढपाळांच्या घरातले. लहानपणी मेंढरांमागे पुष्कळ मुलूख पायांनी तुडवलेला, मग स्वतःच्याच हट्टाने शाळेत बसलेले. बोली त्यांनी कधी बदलली नाही. भूगोल सांगायची त्यांची एकच रीत होती: आधी पाऊस विचारायचा, मग माती, मग तिथले घर. "कोकणात छप्पर उतरतं का? पाऊस निथळाय पायजे म्हणून. आन आपल्याकडं सपाट मातीचं माळवद का? पाऊस येतच न्हाई, मग छप्पर कुणासाठी उतरतं करायचं?" बंगालात होडी म्हणजे आपली बैलगाडी. मारवाडात पाण्याच्या टाक्याला कुलूप. पंजाबात गव्हाची रोटी आणि आपल्याकडे ज्वारीची भाकरी, कारण जमीनच तसे सांगते. हे ऐकताना मला वाटे, आपण कुठेही गेलो तरी तिथल्या माणसांचे वागणे आपल्याला समजेल.

एका सोमवारी त्यांनी आम्हाला पाय धुवायला लावले आणि सांगितले, "आपापल्या मुलखात बसा." आमचा वर्ग म्हणजे सगळे सोलापूरच. निम्मी मुले आमच्यासारखी, घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. आम्ही धावत तेलंगणात जाऊन दाटीने बसलो. कानडी मुले विजापूरच्या बाजूला गेली. एकटा मारवाडी मुलगा राजपुतान्यात ऐसपैस मांडी घालून बसला. गिरणीत वडील असलेली मुले माढा, बार्शी, करमाळा अशी बोटभर अंतरावर टेकली. सगळे बसल्यावर मास्तर मधे पाहत राहिले. सोलापूरच्या ठिपक्यावर कुणीच नव्हते.

"मग सोलापूर कुणाचं?" त्यांनी विचारले. "ओसाडच ठेवायचं का?"

आपला मुलूख कुठला, हे घरी जसे सांगितले होते, तसेच आम्ही बसलो होतो. मास्तरांनी आम्हाला उठवून त्या तळहाताएवढ्या जागेवर उभे राहायला लावले. एकमेकांच्या पायांवर पाय पडले, मारवाडी मुलाची टोपी उडाली, आम्ही खिदळत ढिगाने कोसळलो. मास्तर म्हणाले, "ह्यो झाला आजचा धडा."

पुस्तकातला एक धडा मात्र त्यांनी कधीच घेतला नाही. तो अकरावा, शेवटचा. निरनिराळ्या प्रांतांतील लोक आणि त्यांचे स्वभाव, असा काहीसा मथळा होता. प्रत्येक प्रांताला एक ओळ. अमके शूर, तमके भित्रे, हे लबाड, ते भांडखोर. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना नायना म्हणतो, मागावर बसल्या बसल्या मी मोठ्याने वाचलेले ऐकायला आवडे. अक्षर त्यांना येत नव्हते. एकदा वाचता वाचता मी तो धडा उघडला आणि ओळ आली: तेलंगी लोक आळशी व व्यसनी असतात. माग थांबला. मग पुन्हा सुरू झाला. नायना रोज उजाडायच्या आत मागावर बसत.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना त्या ओळीबद्दल विचारले. "दगडाला स्वभाव असतो. मातीला असतो. नदीला तर लई असतो," ते म्हणाले. "माणसाचा स्वभाव घरोघरी येगळा. आमी चार भाऊ एकाच वाड्यावरचे, चौघं चार तऱ्हेचे. त्यो धडा मी शिकवत न्हाई. तू बी पाठ करू नको."

त्याच वर्षी परीक्षा घ्यायला शिक्षणखात्याचे डेप्युटीसाहेब आले. त्यांनी पुस्तक उघडले ते नेमके शेवटाकडून, आणि मला उभे करून तेलंगी लोकांचा स्वभाव विचारला. मी बोलायला भीत असे, अजूनही भितो. पण तोंडातून निघाले, "कुणाचा, साहेब? आमच्या नायनांचा का काकाचा?" वर्ग हसला. साहेबांना तो उर्मटपणा वाटला. मला खरोखरच ते विचारायचे होते.

साहेब मास्तरांकडे वळले. धडा शिकवलेला नाही, शिकवणारही नाही, असे मास्तरांनी सरळ सांगून टाकले. हेडमास्तर घाम पुसत मागे उभे होते. साहेब म्हणाले, आता माझ्यासमोर शिकवा, नाहीतर मला वर कळवावे लागेल.

"बरं," मास्तर म्हणाले. "पोरांनो, आपापल्या मुलखात बसा."

ओसरीत सोमवारचा नकाशा अजून होता, आम्ही त्यात जाऊन बसलो. मास्तरांनी साहेबांचे मूळ गाव विचारले. ते रत्नागिरीकडचे निघाले. मास्तरांनी त्यांना अदबीने पश्चिम किनाऱ्याशी उभे केले आणि पुस्तक त्यांच्याच हाती दिले. "आपणच वाचा, साहेब. फकस्त ज्याची ओळ, त्याच्याकडं बघून वाचा."

साहेबांनी पंजाब वाचला. पंजाबात कुणी नव्हते, आवाज खणखणीत होता. बंगाल वाचला, तिथेही फरशीच होती. मारवाडाची ओळ आली तेव्हा राजपुतान्यातल्या मुलाने मान वर केली. साहेबांचा आवाज खाली आला, ओळ कशीबशी संपली. मग तेलंगण. आम्ही निम्मा वर्ग त्यांच्याकडे बघत होतो. साहेबांनी आमच्याकडे पाहिले, पुस्तकात पाहिले, पुन्हा आमच्याकडे पाहिले. मग पुस्तक मिटले. कोकण आलेच नाही. "ही शाळा आहे, तमाशाचा फड नव्हे," असे म्हणून ते निघून गेले.

पंधरवड्यात हुकूम आला. लेखी माफी मागून धडा शिकवावा, नाहीतर जागा सोडावी. हेडमास्तर भले होते, त्यांनी पुष्कळ समजावले, चार ओळी लिहून द्या म्हणाले. मास्तरांनी एवढेच विचारले, "माफी मी कशाची मागू? धडा वाचायला जमला न्हाई, तो साहेबांना."

ते गेले त्या दिवशी शाळेच्या शिपायाने हुकमाप्रमाणे ओसरी घासून काढली. गेरू फरशीत मुरला होता. विंध्य आणि सह्याद्री फिकट झाले, गेले नाहीत.

स्टेशनावर नायना माझ्याबरोबर आले. भर दिवसा माग सोडून आलेले मी त्यांना प्रथमच पाहिले. त्यांचे मराठी मोडके. त्यांनी मास्तरांचा हात धरला. "मला वाचाया येत नाय, मास्तर. पण ते ओळ मला पाठ हाय. तुमी पोराला पाठ नाय करू दिला." मास्तरांनी दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

गाडीत चढताना मास्तर मला म्हणाले, "तू शिक. मास्तर झालास तर त्यो धडा असंलच तितं. पान फाडू नको. पोरं बसव, आन साहेबाला मोठ्यानं वाचायला लाव."

आता मी पुण्याला कॉलेजात आहे. वसतिगृहात पहिल्या दिवशी एकाने विचारले, मूळचे कुठले? मी सोलापूरचा म्हणालो. तो म्हणाला, ते झाले हो, पण मूळचे? मी पुन्हा सोलापूरच सांगितले. माझा धाकटा भाऊ त्याच शाळेत आहे, त्याच्या पुस्तकात अकरावा धडा आहे तसाच आहे.

परीक्षा झाली की मी शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करणार आहे. मित्र सांगतात, आधी नोकरीत कायम हो, मग हवे ते कर. ते माझ्या भल्याचेच सांगतात. पण माझ्या ट्रंकेत गेरूचा खडा आहे. कुठल्याही गावी नेमणूक होवो, फरशी असो की सारवलेली जमीन. पहिल्या सोमवारी मी अकरावा धडा काढीन आणि डेप्युटीसाहेबांना स्वतः आमंत्रण धाडीन.