गंगारामदादांनी न मारलेली हाक

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. देवरूखच्या शाळेत विज्ञान शिकवतो, असल्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच गप्प बसवतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय...

२००६ चा हिवाळा. आमच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या माथ्यावर राष्ट्रीय उद्यान नुकतंच झालं होतं. आपल्या बाजूने तिकडे चिटपाखरूही फिरकत नसे. आम्ही काही देवरूखकरांनी तिकडे पर्यटक न्यायची एका हंगामापुरती परवानगी मिळवली होती – मोजके पर्यटक, प्लॅस्टिक बंद, मुक्काम पायथ्याच्या गावातल्या पाच घरांत आणि वाटाड्या गावातलाच. म्हणजे गंगारामदादा. त्यांचं मूळ गाव जंगलातच होतं, उद्यानासाठी उठवलेलं. हे जमलं तर त्यांचा मुलगा मुंबईची नोकरी सोडून परत येणार होता.

त्या दिवशी पुण्याची सात माणसं होती. दहाच्या सुमारास दाट धुकं आलं आणि पक्षी बघता बघता साठीच्या एक बाई मागे राहिल्या. रानात हाक एकानेच मारायची, बाकीच्यांनी कान द्यायचा, हा दादांचा नियम. हाका मी मारत होतो. दादा माझ्या शेजारी उभे होते, तोंडातून शब्द नाही.

अर्ध्या तासाने धुकं विरलं. बाई बऱ्याच खाली, दादांच्या ओसाड गावातल्या सहाणेवर बसल्या होत्या – शिमग्यात पालखी टेकवायचा तो दगडी चौथरा. पुढे दहा पावलांवर कडा!

"दादा, तुम्ही सांगितलंत तशी बसून राहिले हो," त्या म्हणाल्या.

"मी? कवा, ताई?"

"'पोरी, फुडं जाव नको, हितंच बस' म्हणालात ना!"

दादा पन्नाशीचे. वडीलधाऱ्या बाईला ते पोरी म्हणतील? त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सहाणेला डोकं टेकवलं.

झाला प्रकार वर कळला आणि उद्यानाच्या कार्यालयाने खुलासा मागितला. पर्यटक चुकला तेव्हा वाटाड्या काय करत होता? बाईंनी तर पत्रच दिलं होतं, दादांनी हाक मारून वाचवलं म्हणून. दादांनी त्याखाली सही केली की विषय संपणार होता.

"मी हाक मारलीच नाय, मास्तर. सही कशी करू?"

"अहो, पाच घरांचा प्रश्न आहे! तुमच्या पोराचा आहे!"

"हाय ना. पन ज्यानं ताईंना राखलान त्याचं काम माज्या नावावर नको."

मी नको नको ते बोललो. हात जोडले. दादा ढिम्म. शेवटी 'वाटाड्याचे दुर्लक्ष' असा शेरा आला आणि परवानगी गेली. मुलगा मुंबईतच राहिला.

प्रतिध्वनी, वारा, घाबरल्यामुळे झालेला भास... सगळं लावून पाहिलं, कशातच बसत नाही. ती हाक कुणाची, मला आजही सांगता येत नाही. दादांवर मात्र मी अजून चिडतो. त्यांच्या जागी मी असतो तर डोळे मिटून सही ठोकली असती – आणि हे आठवलं की कुणावर चिडायचं तेच कळेनासं होतं.