अकरा घरचे पोहे

पेठ वडगावच्या आप्पांनी मला एकाच सकाळी अकरा घरांत पोहे खाताना पाहिलं, आणि तेही माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी बसून. गाडी मी चालवत होतो. मला काहीही दिसत नव्हतं.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी सुपरवायझर होतो. नवीनच जुनी गाडी घेतली होती (म्हणजे मला नवीन, आधीच्या चौघा मालकांना जुनी). तिला शोभा यावी म्हणून शाहूपुरीतल्या एका दुकानातून सीडी लावायची स्क्रीन बसवून घेतली. दुकानदार म्हणाला, "साहेब, असला माल कोल्हापुरात दुसऱ्या कुनाकडं न्हाय. एकदा बटण दाबलं की दोघांनाबी चित्र दिसतंय. परत दाबलं की फकस्त शेजारच्याला, डायवरला निस्तं काळं. तिसऱ्यांदा दाबलं की बंद." मी मान डोलावली. एकदा, दोनदा आणि तिसऱ्यांदा एवढा हिशोब फौंड्रीतल्या सुपरवायझरला लक्षात ठेवता येईल, असं त्या बिचाऱ्याला वाटलं.

आता त्या स्क्रीनवर लावलेल्या सीडीबद्दल सांगायला हवं. तोवर मी अकरा मुली बघितल्या होत्या आणि अकराही ठिकाणांहून नकार आला होता. निपाणीच्या आक्का, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, यांचा शब्द आमच्या घरात शेवटचा. गुडघ्यांमुळे त्यांना कुठं येता यायचं नाही, म्हणून काका प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्यानं शूटिंग करायचा. पण काका भिडस्त. परक्या मुलीवर कॅमेरा धरायची त्याला लाज वाटे, म्हणून तो माझ्यावर धरायचा. नकार का येतात याचं निदान करायला आक्कांनी अकराही कार्यक्रम एका सीडीवर मागवले. गुडघ्यांच्या डॉक्टरकडं नेताना मी त्यांना ती गाडीतच दाखवली.

"ह्यात पोरगी कुठं हाय?" आक्का म्हणाल्या.

"कॅमेऱ्याच्या पलीकडं."

"मग आवाज बंद कर. तुझी मचमच ऐकवंना."

सगळं बघून झाल्यावर त्यांनी निदान केलं, "एकच शर्ट घालतोस आन् हावऱ्यागत खातोस." आवाज बंदच राहिला आणि सीडी आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी बारावी मुलगी बघायला आम्ही वडगावला गेलो. आक्कांनी सांगूनही शर्ट तोच होता, कारण दुसरा धुवायला पडला होता. घराबाहेर पडण्याआधी आईनं सगळ्यांकडून वदवून घेतलं, "विचारलं तर ही पहिलीच म्हणायचं." मुलीनं पोह्यांची बशी पुढं केली. पहिल्याच घासाला मला ठसका लागणार हे तिनं ओळखलं आणि न मागता पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवला. अकरा घरांत असं कुणी केलं नव्हतं. ती मला आवडली. इतकी आवडली की पुढचा घास मी चावून खाल्ला.

चहा झाल्यावर तिचे वडील, आप्पा, उठले. "चला पावणं, तुमच्या गाडीतनं मळा दावतो. जरा बोलू." बाकीची मंडळी सोप्यातच थांबली. गाडीत बसताच आप्पांनी विचारलं, "ह्यो टीव्ही चालतोय व्हय?"

सासऱ्यावर छाप पाडायची संधी! मी बटण दाबलं. स्क्रीनवर मी, बशी आणि चमचा. आप्पा दार ओढून घेत होते तेवढ्यात मी परत बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. सुटलो, असं वाटलं. गाडी मळ्याच्या वाटेला लागली.

थोड्या वेळानं आप्पा म्हणाले, "पावणं, पोहे लई आवडत्यात जणू."

"व्हय की, आप्पा." जावयाच्या आवडीची चौकशी होतेय, मी मनातून खूश.

"आन् ह्यो शर्ट?"

"आजच्यासाठी मुद्दाम घेतलाय."

आप्पा पुढं बघत राहिले. रस्त्याकडं बघतात असं मला वाटलं.

"ह्याआधी कुठं पोरगी बघितलीसा?"

"छे, ही पहिलीच."

त्यावर त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांना लावला. मळा येईपर्यंत तो काढलाच नाही. मुलगी सासरी जाणार म्हणून त्यांना भरून आलं असेल, असं समजून मीही गंभीर झालो.

मळ्यावर मी उतरलो आणि आदबीनं त्यांच्या बाजूचं दार उघडलं. तिथून स्क्रीन लख्ख दिसत होती. तिच्यात मी तोच शर्ट घालून हावऱ्यासारखा खात होतो.

"थांबा," आप्पा म्हणाले, "अजून दोन घरं ऱ्हायल्यात. बघूनच उतरतो."

ती दोन घरं संपेपर्यंत मी दार धरून उन्हात उभा होतो. जमीन काही दुभंगली नाही. शेवटी चष्मा काढत आप्पांनी शांतपणे विचारलं, "अकरा मोजली म्या. मग मोडलं कशापायी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरं सांगून टाकायची तीच वेळ होती. पण अकराजणींनी आपल्याला नाकारलं हे होणाऱ्या सासऱ्याला सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? मी छाती पुढं काढून म्हणालो, "मला एकही पसंत पडली नाही."

"असं व्हय," आप्पा म्हणाले आणि मळा न बघताच गाडीत बसले.

तीन दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन घरी आला. "आप्पा म्हणत्यात, पोरगं खोटं बोललं त्याचं काय न्हाय, लग्न जुळवताना समदीच बोलत्यात. अकरा जाग्यावरनं नकार आलेला असता, तर गरीब गडी म्हणून डोळं झाकून पोरगी दिली असती. पण अकरा पोरींस्नी नावं ठेवणारा मानूस आमच्या पोरीला जलमभर नावं ठेवंल."

वडील माझ्यावर ओरडले, "अरे, मग आत्ता जा वडगावला! सांग त्यांना, सगळ्यांनी तुलाच नाकारलंय म्हणून!"

मी चप्पल घातली. किल्ली घेतली. ती मुलगी मला खरोखरच आवडली होती. पण दारात पाय अडला. आजवरचे सगळे नकार मी जसा आहे तसा बघून आले होते. मला कुणीतरी चोखंदळ समजून दिलेला हा पहिलाच नकार. एवढा मान पुन्हा कुठून मिळणार, असा विचार केला आणि चप्पल काढून ठेवली.