वळणमावशींची टोपी

वळणमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या बायकोचा खून होत होता. निदान दारातून तरी दृश्य तसंच दिसत होतं. बायको जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत मान मोडल्यासारखी बसलेली, डोळे मिटलेले, तोंडातून शब्द नाही. तिच्या मागे पाच फूट रुंद आणि तेवढ्याच उंच अशी एक बाई उभी. तिच्या हातात एक काळं हत्यार होतं. त्यातून फुस्स असा आवाज येत होता आणि बायकोच्या डोक्यातून धूर निघत होता. मी जन्मात कधी शौर्य दाखवलेलं नाही, त्यामुळे सवय नव्हती. समोर दिसला तो पाण्याचा तांब्या उचलला आणि दोघींच्या अंगावर रिकामा केला.

बायकोच्या भावाचं लग्न दोन तासांवर होतं. दीड तास खर्चून घातलेले सगळे वळसे एका क्षणात सरळ झाले. टेबलावरच्या फण्या, पिना, चाप चहूकडे उडाले. मावशींनी पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि बायकोला विचारलं, "हे तुमचेच का?"

"हो."

"बाहेर बसवा त्यांना."

धूर नव्हता, ओल्या केसांची वाफ होती. हत्यार म्हणजे केस कुरळे करायचा चिमटा होता, गॅसवर चालणारा. पेटवायच्या लायटरमध्ये असतो तसला गॅस त्याच्या पोटात भरायचा, खटका दाबायचा, की दांडा तापतो. वायर नाही, भिंतीतलं भोक शोधायला नको. मावशी घरोघरी जाऊन काम करत. जिन्यात, गाडीत, एकदा तर दवाखान्यात प्लास्टर घातलेल्या नवरीच्या उशाशी उभं राहून त्यांनी केस केले होते. विजेच्या चिमट्याला त्या 'दावणीला बांधलेला' म्हणत.

त्यांना वळणमावशी हे नाव पडलं ते त्यांच्या पाटीमुळे. घराबाहेर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'येथे वळण लावून मिळेल.' पाटी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आपल्या तिशीतल्या जावयाला दंडाला धरून घेऊन आले आणि फी विचारू लागले. मावशींनी जावयाला बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मुळात केसच कमी आहेत. वळण कशाला लावू?" गृहस्थांनी त्यातलं 'मुळात कमी' एवढंच सासरेपणाने ऐकलं आणि समाधानाने मान हलवून जावयाला परत नेलं. पाटी मात्र मावशींनी बदलली नाही. म्हणायच्या, "खोटं काय आहे त्यात?"

तांब्यापासून आमची मैत्री झाली. दर महिन्याला त्या आमच्याकडे येत, बायकोचे केस करत आणि मला उद्देशून बायकोशी बोलत. "भाऊजींना सांगा, आज पाणी घोटाघोटानं प्या." सहा वर्षं हा एकच विनोद त्यांनी वापरला आणि दर वेळी स्वतःच खुदखुदून हसल्या.

मावशींना एक धाकटी बहीण. लग्न होऊन परदेशी गेलेली. दोघी बहिणींचे केस लहानपणी सुतळीसारखे सरळ. मावशींनी चिमटा घेतला तो पहिला धाकटीच्याच डोक्यावर चालवला. तिचा कानही भाजला. कानामागे तो डाग अजून आहे. पुढे धाकटीच्या लग्नातले केसही त्याच चिमट्याने झाले. मग दोन वर्षांपूर्वी धाकटी आजारी पडली. औषधांनी ती वाचली, पण केस सगळे गेले. मावशींनी तेव्हा फोनवर तिला शब्द दिला होता, "येऊ देत परत. पहिला वळसा मीच घालणार."

आणि या वर्षी धाकटीचा निरोप आला. केस आलेत. फोनवर दाखवायला मात्र तयार नाही. डोक्याला रुमाल बांधूनच बोलते आणि म्हणते, ताई, तू ये, मग बघ.

मावशींनी तिकीट काढलं. जन्मातला पहिला विमानप्रवास.

"चिमटा तिकडे मिळेल की मावशी," बायको म्हणाली. "विजेचा. हलका."

"मिळेल. पण तिला ज्या चिमट्याने वळसे घातले, ते गेले ना? आता परत घालायचे तर त्यानेच घालायचे."

यावर बायकोने माळ्यावरची मोठी बॅग काढून त्यांना दिली.

विमान कंपनीकडून मावशींनी सामानाच्या नियमांचा कागद आणला. आठवडाभर त्यांचं पारायण चाललं होतं. मी मदत करू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "मला वाचता येतं. तुम्ही फक्त गाडी चालवा."

निघायच्या दिवशी सकाळी आठ वाजता मी त्यांच्या दाराशी गाडी उभी केली. मावशी बाहेर आल्या आणि मी हॉर्नवरचा हात काढायला विसरलो. घाम फुटावा असं ऊन, आणि मावशींच्या डोक्यावर लोकरीची लाल टोपी. वर गोंडा. हनुवटीखाली नाड्यांची गाठ, इतकी घट्ट की गाल दोन्हीकडून बाहेर आले होते.

"मावशी, थंडी वाजतेय का?"

"नियम आहे."

"कसला?"

"भाऊजी, तुम्ही विमानात बसला आहात का कधी?"

"दोनदा."

"चिमटा घेऊन?"

"नाही."

"मग."

मी गाडी सुरू केली. वाटेत त्यांनी सांगितलं की पहाटे उठून स्वतःचे केस त्यांनी मन लावून केले होते. आता ते टोपीखाली चेपून गेले असतील. पण नियम म्हणजे नियम.

काउंटरपर्यंत सोडायला जाता येत होतं, म्हणून मीही आत गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, बॅगेत ज्वलनशील काही आहे का? मावशींनी खरं ते सांगितलं आणि मोठ्या लोकरी मोज्यात गुंडाळलेला चिमटा पुढे ठेवला. शेजारी गॅसच्या तीन डब्या ठेवल्या.

"या सुट्या डब्या जाणार नाहीत," मुलगी म्हणाली. "चिमट्यात आधीच भरलेला असेल तेवढाच गॅस चालेल."

"म्हणजे पोटात गॅस असला तर चालतो," मी म्हणालो. "मग मलाही पाठवता येईल."

कोणी हसलं नाही. मावशींनी डब्या मुकाट्याने माझ्या हातात दिल्या. मुलीने चिमटा मोज्यातून काढला, उलटसुलट पाहिला.

"टोपी कुठे आहे?"

मावशींनी डोक्याकडे बोट दाखवलं. "ही काय."

"तुमची नाही मावशी. ह्याची."

"ह्याची?"

"तापणाऱ्या दांड्यावर बसते ती. ती नसेल तर नेता येणार नाही."

मावशींनी पर्समधून नियमांचा कागद काढला आणि काउंटरवर आपटला. "इथे लिहिलंय. 'प्रत्येक प्रवाशास एक. टोपी घट्ट बसवलेली असावी.' प्रवाशास. मी प्रवासी आहे. घट्ट आहे. ओढून बघा."

मागे रांग वाढत होती. मुलीने ओढून बघितलं नाही, पण ओठ दाताखाली धरले. "उपकरणाची टोपी, मावशी. ती नव्हती का सोबत?"

"होती. सहा वर्षांपूर्वी हरवली. कुठे ते आठवत नाही. तेव्हापासून मोज्यात ठेवते."

"मग हा इथेच ठेवावा लागेल. यांच्याकडे देऊन टाका."

मावशींनी हनुवटीखालच्या नाड्या सोडल्या. टोपी काढली. पहाटेचे केस कपाळाला चिकटले होते. त्यांनी चिमट्याकडे पाहिलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी आवाज उतरवून बोलल्या. "भाऊजी, मी तिला शब्द दिला होता हो."

आता माणसाने अशा वेळी काहीतरी करावं. मी कागद उचलला. भांडायचं तर आधी वाचायला हवं. वाचायला चष्मा हवा. मी शर्टाच्या खिशातून माझी चष्म्याची नळी काढली, बारीक काचांचा चष्मा बाहेर ओढला, नाकावर चढवला आणि खाकरून म्हणालो, "हे पाहा, या वाक्याचा अर्थ..."

कोणी ऐकत नव्हतं. मावशी आणि ती मुलगी, दोघी माझ्या डाव्या हातातल्या नळीकडे बघत होत्या.

"ही कुठून आणलीत?" मावशी हळू आवाजात म्हणाल्या.

"घरातली आहे. कपाटाखाली झाडताना सापडली. चष्म्याला अगदी..."

"कधी सापडली?"

मी हिशेब केला. मेव्हण्याच्या लग्नानंतर महिनाभराने. तांब्यानंतर.

मावशींनी नळी माझ्या हातातून घेतली, चिमट्याच्या दांड्यावर सरकवली आणि दाबली. टक्‌ असा आवाज आला. मुलीने ओढून पाहिली. हलली नाही.

"बसली," मुलगी म्हणाली.

"सहा वर्षं," मावशी म्हणाल्या, "हा माणूस माझी टोपी खिशात घालून माझ्यासमोर चहा पितोय."

रांगेतल्या लोकांनी मला नीट पाहून घेतलं. मी चष्मा काढला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून हातातच धरला.

मावशींनी लाल टोपी माझ्या डोक्यावर बसवली, नाड्या हनुवटीखाली बांधल्या आणि गालावर एक टपली मारली. "फिटंफाट," म्हणाल्या. आणि पर्स छातीशी धरून, मान ताठ करून, चेपलेल्या केसांनी आत गेल्या. पार दिसेनाशा होईपर्यंत त्या प्रत्येक गणवेशवाल्याला न विचारता सांगत होत्या, "टोपी आहे बरं का."

महिन्याने त्या परत आल्या. मी आणायला गेलो. गाडीत बसल्याबसल्या मी विचारलं, "काय मग, घातला का पहिला वळसा?"

मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चिमटा बॅगेतून काढलाच नाही. तिचे केस कुरळेच आलेत."