रविवारी सकाळी वर कोण गात होतं?

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधी सांगून टाकते. 'नव्हता' म्हणायला हवं का, तेही अजून मला ठरवता आलेलं नाही. आमच्या घरी भुताखेतांचं नावसुद्धा काढू देत नसत. पप्पा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते आणि रविवारी तिथल्याच चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मी बँकेत आहे. लोकांच्या सह्या जुळतात का ते दिवसभर बघायचं, हे माझं काम. तेव्हा जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

बदली होऊन बनारसला आले त्याला तीन वर्षं झाली. नवरा पुण्यात नोकरीला. मी दूधविनायकच्या गल्लीत एका जुन्या मराठी कुटुंबाकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. एक खोली, कोपऱ्यात मोरी, एकच दार. कुलपाची एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी पुण्याला. बरोब्बर खाली घरमालकिणीचं स्वयंपाकघर आहे. हे सगळं लक्षात ठेवा.

घरमालकीण म्हणजे कमलकाकू. साठीच्या, चार पिढ्या काशीत. काका मुलांना वेद शिकवतात. पहिल्या दिवशी काकूंनी नाव विचारलं. सुनीता भालेराव, नगरकडची, म्हटलं. "नगरकडचे भालेराव, म्हणजे देशस्थ," असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि चहा टाकला. मी ख्रिस्ती आहे हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण महिनाभर खोल्या बघून पाय दुखत होते, आणि दोन ठिकाणी आधीच नकार मिळाला होता... मी चहा प्यायले. एवढंच झालं.

पुढे मात्र एकेक वाढत गेलं. हळदीकुंकू झालं, हरितालिका झाली. मंगळसूत्रातला छोटा क्रूस मी आतल्या बाजूला वळवून ठेवायची. रविवारी कुणाच्या लक्षात न येता बाहेर पडायची, विचारलंच तर ऑफिसचं राहिलेलं काम; मैदागिनच्या चौकापर्यंत चालत आणि तिथून ई-रिक्षाने कँटोन्मेंटमधल्या, म्हणजे कँटच्या चर्चला. तिथेही शेवटच्या बाकावर. गाणी सुरू झाली की नुसते ओठ हलवायची. मोठ्याने गायलं की लोक मागे वळून बघतात, कोण कुठली विचारतात, नंबर घेतात. घरात एक बाई, चर्चमध्ये दुसरी, आणि दोघींना सांभाळताना मी अगदी थकून गेले होते. कामाने माणूस एवढा थकत नाही.

पप्पा एकदाच इकडे आले होते. सकाळी आंघोळ करून खिडकीशी बसले आणि त्यांनी स्वतःच रचलेलं गीत गुणगुणायला घेतलं. ते कुठल्या पुस्तकात नाही, कुठे रेकॉर्ड नाही. मी लहान असताना माझ्यासाठी केलेली दोन कडवी होती ती. त्यांच्या तोंडून एक शब्दही पुरता फुटायच्या आत मी म्हटलं, "पप्पा, इथे नको. भिंती पातळ आहेत." ते थांबले. बरं म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. पाच महिन्यांनी ते गेले. हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मला रजा मिळेना, आणि मिळाली तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर ते गीत मी तोंडातून काढलं नव्हतं. चर्चमध्ये नाही, खोलीत नाही, मोरीतसुद्धा नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या श्रावणातला बुधवार, संध्याकाळचे सहा-साडेसहा. काकू जिना चढून धापा टाकत वर आल्या. त्यांच्या सुनेला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नव्हतं. आता सातवा महिना होता. त्यासाठी काकूंनी शुक्रवारी जिवतीची पूजा करून पाच सवाष्णी जेवू घालायचा नवस बोलला होता. पाचवी मी. पुरण मी पुष्कळ वेळा खाल्लं होतं, पण हे वेगळं होतं. बिचारी बाई नातवंडासाठी देवाशी बोलली होती, आणि तिच्या पाटावर मी खोटी बसणार होते.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि जेवण झाल्यावर तो तुझा अभंग म्हण हं. इतवारी म्हणतेस ना, तो."

कुठला अभंग, मी विचारलं.

"अगं, दर इतवारी तर म्हणतेस. दहा वाजता. मी खाली पोळ्या लाटते तेव्हा ऊपरून तुझा आवाज येतो. सालभर ऐकतेय, पाठ झालाय मला." आणि त्यांनी दारातच उभ्या राहून म्हणून दाखवला.

*दार माझं ठेंगणं देवा, वाकून यावं आत,*
*पसारा काही आवरला नाही, तरी धरावा हात.*

पप्पांची चाल, शेवटच्या शब्दावरच्या त्या हेलकाव्यासकट. मी कॉटवर बसले. रविवारी दहा वाजता मी कँटच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसलेली असते. खोलीला कुलूप असतं. काकूंनी दुसरं कडवंही बरोबर म्हटलं. मग तिसरं म्हटलं. तिसरं कडवं मला माहीतच नव्हतं.

*नावानं मला हाक मार तू, भरल्या गल्लीत मार,*
*उंबऱ्यामागं लपून लपून दमले मी रे फार.*

काकू खाली गेल्यावर मी आईला फोन लावला. गीताला किती कडवी आहेत, एवढंच विचारलं. आई म्हणाली, "तिसरं त्यांनी हॉस्पिटलात केलं. तुझ्यासाठी आहे म्हणाले. मी सोडून कुणी ऐकलं नाही गं... तुला कुणी सांगितलं?" तू का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तुला लागलं असतं, म्हणाली.

खरंच लागलं असतं. तेव्हाही लागलं. पण त्याचबरोबर कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. मी लपते हे पप्पांना कळलं होतं, आणि ते रागावले नव्हते. मी देवाजवळ एवढंच म्हटलं, प्रभू, आता मला होत नाही, उद्या तू बरोबर चल. इतकी साधी प्रार्थना मी वर्षानुवर्षं केली नव्हती.

गुरुवारी बँकेत जायच्या आधी खाली गेले. काकू डाळ निवडत होत्या. मी मंगळसूत्रातला क्रूस बाहेर काढला आणि सगळं सांगितलं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण आवाज सरळ निघाला. रविवारी कुठे जाते ते सांगितलं, तो अभंग नव्हे हेही सांगितलं. घरी मला रूथ म्हणतात, तेही सांगून टाकलं.

काकूंनी ताट बाजूला सारलं. "तीन साल, सुनीता," त्या म्हणाल्या. मग, "हरितालिकेला निर्जळी राहिलीस ती?"

"उपाशी होते, काकू. तेवढं खरं होतं."

त्या मान खाली घालून पुन्हा डाळ निवडू लागल्या. शुक्रवारी येऊ नकोस म्हणाल्या. खोलीचं काही बोलल्या नाहीत. शुक्रवारी चारच सवाष्णी जेवल्या की पाचवी कुणी मिळाली, मला माहीत नाही. वर वास येत होता पुरणाचा. मी खिचडी केली आणि सामान बांधायला काढलं.

रविवारी साडेआठला खाली उतरले. कुणाला तोंड दाखवायचा धीर नव्हता, म्हणून भरभर गल्लीत शिरले. दूधवाला, फुलवाली, दर्शनाला निघालेली माणसं, नेहमीची गर्दी. आणि मागून, खिडकीतून, काकूंचा खणखणीत आवाज आला.

"रूथ! चर्चहून येताना कँटवरून जाडे पोहे आण!"

फुलवालीने वर पाहिलं, शेजारच्या वहिनींनी पाहिलं. मी हो म्हटलं. मलाच ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. त्या दिवशी मी चर्चमध्ये गायले. पुढच्या दोन रांगा वळून बघत होत्या, बघू देत.

सगळं गोड झालं असं समजू नका. शेजारच्या वहिनी आता जिन्यात भेटल्या की मोबाइल बघतात. काकू देवघरात बोलवत नाहीत. माझा चहाचा कप वेगळा ठेवलाय का, ते मी बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. पण दिवाळीच्या आधी सुनेला मुलगी झाली, तेव्हा पेढा घेऊन काकू सगळ्यांत आधी वर माझ्याकडे आल्या.

आणि हो, त्या रविवारी पोहे देताना मी विचारलंच, आज वरून काही ऐकलंत का. त्या म्हणाल्या, आज काहीच सुनाई नाही पडलं. त्यानंतरही कधी पडलेलं नाही. त्यांना करमत नाही म्हणे, म्हणून रविवारी परत आल्यावर दार उघडं ठेवून मी ते गीत म्हणते, तिन्ही कडवी.

वर्षभर त्या खोलीत कोण गात होतं, मला सांगता येणार नाही. पप्पांना मी भिंती पातळ आहेत म्हटलं होतं. तेवढंच काय ते खरं निघालं.