मधलं चित्र

दसऱ्याच्या सकाळी मी चिखलीच्या चौकात झेंडू निवडत होते. पिशवी अर्धी भरली असेल, तेवढ्यात शेजारच्या कांबळेबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "अक्का, असाल तशा या. नामदेवभाऊ उठत नाहीत." फुलवाल्याला पिशवी सांभाळायला सांगून निघाले... ती आणायला परत गेलेच नाही. घरी आले तर नामा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसलेला, चष्मा डोळ्यांवर, हात मांडीवर. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. कॉम्प्युटर चालूच केलेला नव्हता. त्याच्यावर आदल्या दिवशी मी लावलेलं हळदकुंकू तसंच होतं. भेटायला आलेले लोक म्हणाले, सुखाचं मरण आलं. मला तसं वाटत नाही. त्याचं एक काम राहिलं, आणि ते राहण्यात माझाही हात आहे.

नामा माझ्या पाठचा भाऊ. चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर होता. पत्रा दाबायचे लोखंडी साचे जुळवायचं त्याचं काम. केसाएवढा फरक बोटाला लागला तरी साचा परत उघडायचा. माणसांशीही तसाच वागला. त्याची बायको शालन गेली तेव्हा त्यांचा एकुलता एक सचिन जर्मनीत होता, तो तिसऱ्या दिवशी पोचला. दहाव्याला पंगत बसली तर नामा वाढप्यांना मोठ्याने म्हणाला, "आधी पाहुण्यांना वाढा," आणि हात सचिनकडे केला. पोरगं पानावरून उठलं. त्यानंतर चार वर्षं बापलेकाचा फोन नाही. मी विधवा बाई, माझंही घरी कुणी नव्हतं, म्हणून नामाकडे राहायला आले. घरात आवाज होता तो फक्त कुकरचा.

दोन वर्षांपूर्वी सचिन कसल्याशा कागदांसाठी आठवडाभर आला. बापाशी धड बोलला नाही, पण जाताना स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक गेम टाकून गेला. टेबलाला स्टीअरिंगही बसवलं. मला वाटलं हे धूळ खात पडणार. पण दर रविवारी दुपारी तीनला नामा कानाला हेडफोन लावून बसू लागला. तिकडून सचिन बसायचा. दोघांचे ट्रक एकाच रस्त्यावर, एक पुढे, एक मागे. मला नामाचंच बोलणं ऐकू यायचं. "इंडिकेटर दे की. बाप मागं आहे तुझा." "अरे, घाट आहे, गिअर उतरव." मग एकदा, "जेवलास का?" पडद्यावरच्या रस्त्याकडे बघत दोघं जेवढं बोलले, तेवढं समोरासमोर जन्मात बोलले नव्हते.

या उन्हाळ्यात त्या गेममध्ये नवे रस्ते आले आणि कॉम्प्युटरला ते पेलवेनात. चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं. एका रविवारी ते मधेच थिजलं, नामाचा ट्रक दरीत गेला. त्याने हेडफोन काढले, बटण बंद केलं आणि म्हणाला, "कार्ड बदलल्याशिवाय आता खेळता यायचं नाही." मी कपाटातून रेशनकार्ड काढून दिलं. तेव्हा त्याने मला समजावलं, पडद्यावरचं चित्र तयार करणारं एक वेगळं कार्ड आत असतं. सचिनने मला फोन करून सांगितलं, मी पाठवतो, बाबांना सांग. नामा म्हणाला, "माझ्या मशीनचा पार्ट मी निवडणार."

निवडायला त्याने साडेतीन महिने घेतले. बाजारात दोन कंपन्यांची कार्डं, एकमेकांच्या उरावर बसलेली. खोक्यांच्या रंगांवरून नामा एकाला हिरवं म्हणायचा, दुसऱ्याला लाल. त्याने मधोमध रेघ मारून कागद केला. हिरवं वीज कमी खातं, त्यात ऊन-सावली खऱ्यासारखी पडते. लालची मेमरी जास्त, म्हणजे मोठा रस्ता एकदम डोक्यात ठेवतं, पण तापतं. कॅबिनेटचं झाकण काढून त्याने व्हर्नियरने आतली जागा मोजली, तीनदा. हिरव्याचं तीन पंख्यांचं कार्ड बसत नव्हतं, दोन पंख्यांचं बसत होतं. मग वीजपुरवठ्याचा डबा पुरेल का, याचा दुसरा कागद. पिंपरीच्या दुकानातला अमोल त्याला बघितलं की हात जोडायचा. एकदा मीही बरोबर होते. अमोल म्हणाला, "काका, तुमच्या ट्रकला दोन्ही चालतील. देवाशप्पथ. एवढ्यात लोक पोरीचं लग्न जुळवतात." नामा हसला नाही. हिरवं कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मधे एक चित्र स्वतः रचून घालतं, त्याने गाडी सरळ पळते, असं अमोलने सांगितलं. लालही करतं, पण हिरव्याचं काम सफाईदार. नामाने विचारलं, "म्हणजे जे झालंच नाही ते दाखवतं?" अमोल म्हणाला, "डोळ्यांना कळत नाही, काका." "मला सफाईदार खोटं नको," म्हणून नामा दुकानातून बाहेर पडला.

तिकडे सचिन दर रविवारी तीनला थांबत होता. मला फोन करून विचारायचा, "आत्या, बाबांचं ठरलं का?" मी म्हणायचे, अजून कागदच चाललेत. एके दिवशी नामा चौथा कागद करायला बसला, तेव्हा मी तो ओढून घेतला. म्हटलं, "नामा, हे कार्डाचं नाही. तू कशाला भितोस ते सांग." त्याने पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "चित्र थिजलं तेव्हा आवाज चालू होता, अक्का. तो म्हणाला, बाबा, आईचं एक विचारायचंय. मी ट्रक मुद्दाम दरीत घातला." मला वाटलं होतं मशीन अडकलं. अडकला होता नामा. तो म्हणाला, "तो विचारणार, मला लवकर का कळवलं नाही. मी त्याला पाहुणा म्हणालो, पण शालनचं अवघड आहे हे मला आठ दिवस आधी माहीत होतं. मीच फोन केला नाही. बरी होईल म्हणत राहिलो." सहा वर्षं हा माणूस पोराला पाहुणा ठरवून बसला होता. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, कार्ड आण, बसव, आणि हे त्याला सांग. नाहीतर मी सांगते.

नवरात्रात त्याने लाल कार्ड आणलं. बसवताना स्क्रू एकही पडला नाही. खंडेनवमी रविवारी आली होती. सकाळीच मला म्हणाला, "आज तीनला बसतो. सचिनला कळव." मी कळवलं. मग तो अंघोळीला गेला, आणि मी सवयीने पूजेला लागले. विळी, सुरी, त्याचा व्हर्नियर पाटावर ठेवला. कॉम्प्युटरचं झाकण अजून उघडंच होतं. म्हटलं नवं मशीन आहे, त्यालाही हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. नामा बाहेर आला आणि दारातच थांबला. त्यांच्या टूलरूममध्ये रीत होती, खंडेनवमीला एकदा पूजा झाली की मशीन दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही. मालक आला तरी नाही. ही रीत मला माहीत होती. चाळीस वर्षं ऐकत होते. नामाने झाकण लावलं आणि म्हणाला, "पूजा झाली. आता उद्या." त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काही आलं होतं का... मला आलंसं वाटलं. मी म्हटलं, "पुसून टाकते, बस." तो म्हणाला, "पुसून कुठं पूजा परत जाते का?" सचिनला मी उद्याचं सांगितलं. तोही म्हणाला, ठीक आहे आत्या, उद्या सुट्टी टाकतो.

सुट्टी टाकली होती म्हणून या वेळी तो दुसऱ्याच दिवशी पोचला.

दहावा झाल्यावर दुपारी तो त्या खुर्चीत बसला आणि मशीन चालू केलं. आतून टकटक आवाज आला. अक्षतांतला तांदळाचा दाणा पंख्यात गेला होता. मी त्याला सगळं सांगितलं. आठ दिवसांचं, फोन न केल्याचं, दरीत घातलेल्या ट्रकचं, माझ्या हळदकुंकवाचं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते मला माहीत होतं आत्या. दवाखान्याचे कागद मी तेव्हाच बघितले होते. मला ते विचारायचंच नव्हतं."

"मग काय विचारायचं होतं?"

"आई शेवटी काय बोलली... बाबाच होते ना जवळ."

नामाने ते मला कधी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. सचिन माझ्याकडे बघत होता. तुझंच नाव घेतलं रे, एवढं म्हणायला काय लागत होतं. कुठल्याही आईच्या तोंडी शोभतं. डोळ्यांना कळलं नसतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, सचिन." तो उठून गॅलरीत गेला.

जाताना त्याने मला बटण कुठलं, हेडफोन कसा लावायचा ते दाखवलं. आता रविवारी तीनला मी बसते. ट्रक मला चालवता येत नाही, तो रस्त्याच्या कडेला उभा असतो. सचिन त्याचा ट्रक आणून मागे लावतो. म्हणतो, "आत्या, आहेस का?" मी म्हणते, आहे. मग शालनचं मला जे खरोखर माहीत आहे ते सांगते. भाकरी थापताना ती कुणाशी बोलायची नाही. खोटं बोलली की पदर चाचपायची. कधी सांगण्यासारखं काही आठवत नाही, तेव्हा दाणा तेवढा टकटक करत राहतो. सचिन म्हणाला होता, कुणाला तरी बोलावून काढून घे. आवाज करणारं मशीन नामाने एक दिवसही चालू दिलं नसतं. मी देते.